ट्रेंड उतरल्यावर : हॅशटॅग चळवळींच्या वादाचा आढावा

२३ ऑगस्ट २००७ रोजी ख्रिस मेसिना या अमेरिकी तंत्रज्ञाने ट्विटरवर एक सूचना मांडली. एकाच विषयावरचे संदेश एकत्र सापडावेत म्हणून शब्दाआधी # हे चिन्ह लावावे, असे त्याचे म्हणणे होते. कंपनीला ते फारसे रुचले नाही. संगणकात बुडालेल्या मंडळींचे खूळ म्हणून त्याकडे पाहिले गेले. दोनच महिन्यांनी कॅलिफोर्नियात सॅन दिएगोच्या आसपास वणवे पेटले, आणि कोणता रस्ता बंद आहे, कोणती वस्ती रिकामी होते आहे हे लोक एकाच हॅशटॅगखाली एकमेकांना कळवू लागले. २००९ मध्ये ट्विटरने हॅशटॅगवर टिचकी मारून त्याखालचे सगळे संदेश पाहण्याची सोय केली, २०११ मध्ये इन्स्टाग्रामने आणि २०१३ मध्ये फेसबुकने तिचा कित्ता गिरवला. मुळात ही संदेश लावून ठेवण्याची सोय होती. तिचे चळवळीचे साधन नंतर झाले, आणि तेव्हापासून एक वाद चालू आहे : यातून समाजात खरेच काही हलते, की घरबसल्या तोंडाची वाफ तेवढी दवडली जाते?

दीड दशकात या वादात बरीच भर पडली. आरंभीचा भाबडा उत्साह ओसरला, त्यावरची सरसकट टिंगलही ओसरली. आता चर्चा जिथे येऊन थांबली आहे तिथून पाहता ‘हॅशटॅगने काय साधले’ हा प्रश्नच अपुरा वाटतो. तो हॅशटॅग जमिनीवरच्या कोणत्या यंत्रणेला जोडलेला होता, हे विचारले तर उत्तरे बरीच नेमकी मिळतात.

उत्साहाचे दिवस

इराणमधील २००९ च्या निवडणुकीनंतरची निदर्शने, २०११ मधील इजिप्तचा २५ जानेवारीचा उठाव आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेले ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’, या तीन घटनांनी ‘ट्विटर क्रांती’ हा शब्दप्रयोग रूढ केला. इजिप्तमध्ये पोलिसांच्या मारहाणीत मृत्यू पावलेल्या खालेद सईदच्या नावाने फेसबुक पान चालवणारा वाएल घोनिम तेव्हा म्हणत असे की समाज मुक्त करायचा तर इंटरनेट पुरे. काही वर्षांनी त्यानेच जाहीरपणे आपले विधान मागे घेतले. लोकांना एकत्र आणणाऱ्या माध्यमानेच पुढे त्यांच्यात फूट पाडली, असे त्याचे नंतरचे निदान.

भारतातली सुरुवात हॅशटॅग इथे रुळण्याच्या थोडी आधीची आहे. जानेवारी २००९ मध्ये मंगळूरच्या पबमध्ये मुलींना मारहाण झाली, तेव्हा फेब्रुवारीत फेसबुकवरून ‘गुलाबी चड्डी’ मोहीम निघाली. एप्रिल २०११ मध्ये राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे जंतरमंतरवर उपोषणाला बसले, तेव्हा पाठिंबा मोजण्यासाठी मिस्ड कॉलची युक्ती निघाली. फुकट, एका बोटाची, आणि आकडा लगेच दाखवता येणारी. हॅशटॅगचे सगळे गुणदोष त्या मिस्ड कॉलमध्ये होतेच. लोकपाल कायदा २०१३ मध्ये संसदेत मंजूर झाला; पहिला लोकपाल नेमला गेला मार्च २०१९ मध्ये. गाजावाजा आणि अंमलबजावणी यांच्यातले हे अंतर पुढे अनेक मोहिमांत पुन्हा दिसणार होते.

आक्षेप

टीकेची पहिली ठोस मांडणी माल्कम ग्लॅडवेल यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात केली. १९६० मध्ये अमेरिकेतल्या ग्रीन्सबरो गावात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या खाणावळीच्या काउंटरवर बसले. ते एकमेकांचे जिवलग मित्र होते. एकाच्या भरवशावर दुसरा मार खायला तयार होता. जिथे जिवाला धोका असतो तिथे असे घट्ट संबंध लागतात, समाजमाध्यमे मात्र सैल ओळखींवर चालतात, असा त्यांचा मुद्दा. येवगेनी मोरोझोव यांनी २०११ च्या ‘द नेट डिल्यूजन’ या पुस्तकात आणखी दोन मुद्दे जोडले. स्वस्त कृतीने कर्तव्य केल्याचे समाधान मिळते आणि खरे काम मागे पडते. शिवाय आंदोलकांची यादी, त्यांचे संबंध, त्यांचे ठिकाण हे सगळे सरकारला आयते मिळते.

या आक्षेपांना आधार देणारी उदाहरणे लवकरच मिळाली. सुदानमधील दारफूरच्या पीडितांसाठीच्या फेसबुक मोहिमेत १० लाखांहून अधिक सभासद झाले. कोणी किती दिले याची संशोधकांनी मोजदाद केली, तेव्हा ९९ टक्क्यांहून अधिक सभासदांनी एक पैसाही दिला नव्हता. एकूण जमले सुमारे ९० हजार डॉलर. मार्च २०१२ मध्ये युगांडातील बंडखोर नेता जोसेफ कोनी याच्याविरोधातली चित्रफीत सहा दिवसांत १० कोटी वेळा पाहिली गेली. कोनी अजून हाती लागलेला नाही.

नायजेरियातल्या चिबोकचे उदाहरण याच यादीत घातले जाते. मला ते तिथे बसवणे पटत नाही. १४ एप्रिल २०१४ च्या रात्री बोको हरामने शाळेतून २७६ मुली पळवल्या आणि ‘ब्रिंग बॅक अवर गर्ल्स’ हा हॅशटॅग मिशेल ओबामांच्या हातातल्या फलकापर्यंत पोहोचला. जगाचे लक्ष काही आठवड्यांत उडाले, हे खरे. पण हॅशटॅग मुळात नायजेरियन लोकांनीच सुरू केला होता, आणि अबुजा शहरात कारंज्यापाशी रोज जमून बसणारा गट पुढे कित्येक महिने बसत राहिला. सरकारने वाटाघाटी करून ऑक्टोबर २०१६ मध्ये २१ आणि मे २०१७ मध्ये ८२ मुली सोडवल्या. ऐंशीहून अधिक जणींचा पत्ता आजही नाही. याला यश म्हणावे की अपयश? लांबून पाहणाऱ्याला जी चार दिवसांची लाट दिसली, तिच्या खाली एक चिवट स्थानिक आंदोलन होते, एवढे मात्र नक्की.

आक्षेपकांचा सर्वात बारकाईचा पुरावा प्रयोगशाळेतून आला. क्रिस्टॉफरसन, व्हाइट आणि पेलोझा यांच्या २०१४ च्या अभ्यासात असे दिसले की चारचौघांत दिसेल असा प्रतीकात्मक पाठिंबा दिलेले लोक नंतर प्रत्यक्ष मदत मागितल्यावर फारसे पुढे येत नाहीत. तोच पाठिंबा खासगीत दिलेले मात्र जास्त येतात. हॅशटॅगचा सगळा जीव चारचौघांत दिसण्यात असल्यामुळे हा निष्कर्ष जिव्हारी लागणारा आहे.

प्रतिवाद

समर्थकांचे पहिले उत्तर असे, की टीकाकार हॅशटॅगला नको त्या फूटपट्टीने मोजतात. सारा जॅक्सन, मोया बेली आणि ब्रुक फूको वेल्स यांनी २०२० च्या आपल्या पुस्तकात दाखवले की वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर जागा न मिळणाऱ्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना हॅशटॅगने स्वतःची बाजू स्वतःच्या शब्दांत मांडता आली. विषय कोणता, त्याला नाव काय, दोष कोणाचा, हे ठरवणे हीच त्यांच्या मते मोठी कृती आहे.

दुसरे उत्तर संख्येचे. पाब्लो बार्बेरा आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या अभ्यासानुसार आंदोलनाच्या गाभ्यात मोजके लोक असतात, पण काठावरचे, एखादाच संदेश पुढे ढकलणारे असंख्य लोक मिळून त्याचा आवाज जवळजवळ दुप्पट दूर नेतात. ज्यांना आळशी म्हणून हिणवले, त्यांचाही उपयोग असतो तर.

तिसरे उत्तर काळाचे. ‘ब्लॅक लाइव्हज मॅटर’ हा हॅशटॅग जुलै २०१३ मध्ये, ट्रेव्हॉन मार्टिन या कृष्णवर्णीय मुलाला गोळी घालणारा निर्दोष सुटल्यावर, तीन स्त्रियांनी सुरू केला. वर्षभर तो जेमतेम तगून होता. ऑगस्ट २०१४ मध्ये फर्ग्युसनमध्ये पोलिसांच्या गोळीने मायकल ब्राउन मारला गेला तेव्हा तो पसरला, आणि मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर दोन आठवड्यांत ४.७८ कोटी वेळा वापरला गेला. मधल्या सात वर्षांत अमेरिकी शहरांत संघटना उभ्या राहिल्या होत्या. २०२० मध्ये लोक रस्त्यावर आले तेव्हा त्यांना सामावून घेणारे कोणीतरी तिथे होते.

त्याच उन्हाळ्यातला २ जूनचा मंगळवार मात्र दोन्ही बाजूंनी अभ्यासण्याजोगा आहे. संगीतक्षेत्रातल्या दोन स्त्रियांनी एक दिवस काम थांबवण्याची हाक दिली होती. तिचे रूपांतर इन्स्टाग्रामवर काळा चौकोन टाकण्यात झाले. कोट्यवधी लोकांनी चौकोन टाकला आणि अनेकांनी खाली ‘ब्लॅक लाइव्हज मॅटर’चा हॅशटॅगही जोडला. परिणाम असा की त्या हॅशटॅगखाली जखमींना मदत कुठे मिळेल, जामिनासाठी कोणाशी बोलायचे, पोलीस कुठे उभे आहेत हे शोधणाऱ्या आंदोलकांना ओळीने नुसते काळे चौकोन दिसू लागले. कार्यकर्त्यांना हात जोडून सांगावे लागले की कृपा करून हा हॅशटॅग काढा. सद्भावनेने केलेली गर्दीही वाट अडवते, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

झेनेप तुफेकी यांचे २०१७ चे ‘ट्विटर अँड टिअर गॅस’ हे पुस्तक दोन्ही मतांच्या मधोमध उभे आहे, आणि माझ्या मते या विषयावरचे सर्वात उपयोगी तेच आहे. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाला महिनोन्‌महिने तयारी लागली. बस ठरवणे, जेवणाचे डबे, ध्वनिक्षेपक, हे सगळे करताना संघटनेला निर्णय घेण्याची, भांडून पुन्हा एकत्र बसण्याची सवय लागली. आज तितकाच मोर्चा आठवड्यात निघतो, पण ती सवय लागलेली नसते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सरकारने चर्चेला बोलावले तर जायचे कोणी, मागायचे काय, हेच ठरत नाही. सत्ताधाऱ्यांनाही आता मोर्चाच्या आकारावरून त्यामागचे बळ ओळखता येत नाही, आणि ओळखता येत नसल्यामुळे ते त्याला कमी घाबरतात.

आरे, मोले आणि बारा टक्के

हे निकष आपल्याकडच्या तीन मोहिमांना लावून पाहू.

मुंबईच्या गोरेगावातल्या आरे वसाहतीत मेट्रो-३ ची कारशेड करण्याला विरोध २०१४ पासून होता. ‘सेव्ह आरे’ हा हॅशटॅग त्या विरोधाचे नाव झाला, पण रविवारच्या मानवी साखळ्या, पाड्यांवरच्या आदिवासींचा सहभाग, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे दाखल झालेल्या हजारो हरकती आणि उच्च न्यायालयातल्या याचिका हे सगळे त्याच्याबरोबर चालू होते. ऑगस्ट २०१९ मध्ये प्राधिकरणाने झाडे हटवण्याला मंजुरी दिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री दिव्यांच्या उजेडात करवती सुरू झाल्या. त्या रात्री हॅशटॅगने काम केले ते निरोप्याचे : फोनवर चित्रफिती आल्या आणि लोक मध्यरात्री आरेच्या फाटकाशी पोहोचले. जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली. एका कायद्याच्या विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना लिहिलेले पत्र याचिका मानून सर्वोच्च न्यायालयाने सुटीतही ७ ऑक्टोबरला तोड थांबवली. तोवर २,१४१ झाडे पडली होती.

पुढचा इतिहास सरकारांच्या बदलाबरोबर वळणे घेतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये नव्या सरकारने कामाला स्थगिती दिली, ऑक्टोबर २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला हलवण्याचे जाहीर झाले, डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने तिथले काम थांबवले, २०२२ मध्ये आणखी नव्या सरकारने ती परत आरेत आणली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगीपेक्षा जास्त झाडांसाठी हात पुढे केल्याबद्दल मेट्रो कंपनीला १० लाखांचा दंड केला, आणि त्याच आदेशात झाडे काढायला मुभाही दिली. ऑक्टोबर २०२४ पासून आरेतून मेट्रो धावते आहे. विरोधकांच्या दृष्टीने कारशेडची लढाई हरली. दुसरीकडे आरेतली ८०० एकरांच्या आसपास जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली. मेट्रोचे समर्थक असेही म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे, की लोकलला लोंबकळणाऱ्या लाखोंचा हॅशटॅग कधी निघालाच नाही. विलंबाचा खर्च त्यांनीही सोसला.

गोव्यातल्या मोलेचा निकाल वेगळा लागला. भगवान महावीर अभयारण्यातून रेल्वेचा दुसरा मार्ग, वीजवाहिनी आणि चौपदरी रस्ता असे तीन प्रकल्प २०२० च्या टाळेबंदीत मंजुरीला आले. घराबाहेर पडता येत नव्हते, म्हणून ‘सेव्ह मोले’खाली तरुण चित्रकारांनी शेकरू, फुलपाखरे, दूधसागरचे जंगल रंगवून टाकायला सुरुवात केली. जीवशास्त्राच्या अभ्यासकांनी पर्यावरण अहवालातल्या त्रुटी काढून दाखवल्या. नोव्हेंबरच्या पहिल्या रात्री चांदर गावात हजारो लोक रेल्वेरुळांपाशी जमले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीकडे गेले, तिने रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध शिफारस केली आणि मे २०२२ मध्ये न्यायालयाने त्याची मंजुरी रद्द केली. चित्रांनी विषय घरोघर नेला. निकाल मात्र अहवालातल्या त्रुटींवर लागला.

तिसरे उदाहरण कराचे. २०१७ मध्ये ‘शी सेज’ या मुंबईच्या संस्थेने ‘लहू का लगान’ हा हॅशटॅग काढून सॅनिटरी नॅपकिनवर कर नको अशी मागणी केली. जीएसटी लागू होताना नॅपकिनवर १२ टक्के कर बसला, न्यायालयांत याचिका गेल्या, आणि २१ जुलै २०१८ रोजी जीएसटी परिषदेने तो शून्य केला. हॅशटॅगच्या स्पष्ट यशांपैकी हे एक. पण वस्तू करमुक्त झाली की उत्पादकाला कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे पाकिटाची किंमत काही १२ टक्क्यांनी उतरली नाही. ‘कर काढा’ हे दोन शब्दांत मावते, वजावटीचे गणित मावत नाही. मोहीम संपली ती घोषणेच्या दिवशी. दुकानातल्या किमतीवर दुसरी मोहीम निघाली नाही.

न्याय, नाव आणि बदनामी

सर्वात अवघड प्रश्न ‘मी टू’ने उभे केले. तराना बर्क यांनी २००६ मध्ये हे शब्द वापरले होते; १५ ऑक्टोबर २०१७ ला अलिसा मिलानो यांच्या ट्वीटने ते जगभर गेले. तीसच्या आसपास देशांची आकडेवारी तपासणाऱ्या रोए लेव्ही आणि मार्टिन मॅटसन यांच्या अभ्यासात पहिल्या सहा महिन्यांत लैंगिक गुन्ह्यांच्या तक्रारी सुमारे १० टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. हॅशटॅगचा परिणाम पोलीस ठाण्याच्या नोंदवहीपर्यंत पोहोचल्याचा हा मोजका पुरावा.

भारतात याआधी कायदा होता. राजस्थानातल्या भंवरीदेवींच्या प्रकरणातून १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वे आली, २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धचा कायदा आला. तरीही ऑक्टोबर २०१७ मध्ये विद्यापीठांतल्या प्राध्यापकांची नावे असलेली यादी समाजमाध्यमांवर फिरली, तेव्हा स्त्रीवादी चळवळीतच दोन तट पडले. ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी निवेदन काढले : आरोप काय, कोणाचा, हे न सांगता नावे जाहीर करणे आपण वर्षानुवर्षे झगडून उभ्या केलेल्या तक्रार प्रक्रियेलाच खीळ घालते. तरुण मुलींचे, विशेषतः दलित-बहुजन मुलींचे, उत्तर होते की त्या समित्यांचे दार आमच्यासाठी उघडलेच कधी? दोन्ही बाजूंत प्रामाणिकपणा होता, म्हणूनच तो वाद अजून मिटलेला नाही.

२०१८ मध्ये तनुश्री दत्ता यांनी दहा वर्षांपूर्वीच्या चित्रीकरणातला प्रसंग पुन्हा मांडला आणि लाट हिंदी चित्रपटसृष्टीत, वृत्तपत्रांत पसरली. त्यांच्या तक्रारीत पोलिसांनी पुढच्या वर्षी पुरावा नसल्याचा अहवाल दिला. केंद्रीय राज्यमंत्री एम. जे. अकबर यांना त्यांच्यावरच्या आरोपांनंतर ऑक्टोबर २०१८ मध्ये राजीनामा द्यावा लागला. त्यांनी पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर अब्रुनुकसानीचा फौजदारी दावा लावला. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने रमाणींना निर्दोष ठरवताना म्हटले की स्त्री आपली तक्रार हव्या त्या मंचावर, अनेक दशकांनंतरही मांडू शकते. हा निकाल कनिष्ठ न्यायालयाचा आहे, पण हॅशटॅगखालच्या कथनाला न्यायालयीन मान्यता मिळण्याच्या दिशेने ते मोठे पाऊल होते.

उलट बाजू जून २०२० नंतर मुंबईने पाहिली. अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर न्याय मागणारे हॅशटॅग अनेक महिने चालले. त्यांतून त्याची मैत्रीण रिया चक्रवर्ती हिला लोकांनी आधीच दोषी ठरवले. अमली पदार्थांच्या प्रकरणात तिला अटक झाली, महिनाभराने जामीन मिळाला. एम्सच्या वैद्यकीय मंडळाने खुनाची शक्यता नाकारली आणि २०२५ मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल दिला. तोवर ट्रोलभैरव दुसऱ्या विषयाकडे वळले होते.

पीडितेच्या नावाचा पेच तर अजून सुटायचा आहे. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा आपल्याकडे गुन्हा आहे, आणि हॅशटॅगला तर नाव हवे असते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातील डॉक्टरच्या हत्येनंतर १४ तारखेच्या मध्यरात्री हजारो स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. त्याच वेळी मृत तरुणीचे नाव आणि छायाचित्र हॅशटॅगसह सर्वत्र फिरत होते. २० ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाला ते सगळे काढून टाकण्याचा आदेश द्यावा लागला.

ट्रेंड कसा चालवतात

बाहेरच्याला ट्रेंड आपोआप वर आलेला दिसतो. आतून तो बहुधा वेळापत्रकावर चालतो. पुण्यात शास्त्री रोडच्या परिसरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना हे तंत्र तोंडपाठ आहे. टेलिग्रामच्या गटावर निरोप येतो : अमुक दिवशी, संध्याकाळी अमुक वाजता, हा हॅशटॅग, त्याआधी कोणीही वापरू नये. याचे कारण असे की ट्विटरची यंत्रणा एकूण संख्येपेक्षा अचानक झालेली वाढ जास्त धरते. दिवसभर थेंबथेंब पडलेले संदेश वाया जातात. सोबत तयार ट्वीट्सची यादी असते, मुख्यमंत्री आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची खाती जोडायला सांगितलेले असते. ही मुले त्यावर थांबत नाहीत. मार्च २०२१ मध्ये पूर्वपरीक्षा पुढे ढकलल्याच्या दिवशी ती रस्त्यावर बसली आणि आठवड्यात नवी तारीख मिळाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्णनात्मक पद्धत २०२५ पासून लागू करण्याची मागणी आयोगाने मान्य केली, ऑगस्ट २०२४ मध्ये परीक्षांच्या तारखा एकमेकींवर आल्या तेव्हा पूर्वपरीक्षा पुढे गेली. मागणी एकच, मान्य करणारी संस्था एकच, आणि रस्त्यावर बसायला तयार असलेली मुले जवळच. हॅशटॅगला इतकी सोयीची परिस्थिती क्वचित मिळते.

तेच तंत्र राजकीय पक्षांच्या आयटी सेलकडे मोठ्या प्रमाणावर आहे. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीचा अभ्यास करणाऱ्या मॉरिस याकेश, किरण गरिमेला आणि सहकाऱ्यांनी भाजपसमर्थक ६०० हून अधिक व्हॉट्सअॅप गटांत प्रवेश घेतला आणि तयार ट्वीट्स वाटून चालवलेल्या ७५ मोहिमा नोंदवल्या. त्यांनी त्या पक्षाचे गट पाहिले म्हणून आकडे त्याचे आहेत. पद्धत आज एकाच पक्षाची राहिलेली नाही. यातला तात्त्विक पेच संशोधकही सोडवू शकलेले नाहीत. गटातली माणसे खरी असतात, मतही त्यांचे स्वतःचे असते, फक्त शब्द आणि वेळ वरून आलेली असते. मग हा बनाव म्हणायचा की संघटन? मोर्चातल्या घोषणाही कोणीतरी लिहूनच देतो.

सरकार आणि कंपन्या

मोरोझोव यांचा पाळतीचा मुद्दा पालघरला लवकर कळला. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिणाऱ्या आणि ते लाइक करणाऱ्या दोन तरुणींना अटक झाली. त्यातूनच पुढे श्रेया सिंघल खटला उभा राहिला आणि मार्च २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द झाले.

२०२१ च्या फेब्रुवारीत शेतकरी आंदोलनाबद्दल गायिका रिहानाने एक ओळ लिहिली, दुसऱ्याच दिवशी परराष्ट्र मंत्रालयाने स्वतःचे हॅशटॅग देऊन उत्तर दिले, आणि सचिन तेंडुलकरपासून लता मंगेशकरांपर्यंत अनेकांची ट्वीट्स त्या बाजूने आली. आंदोलनाच्या मार्गदर्शक पत्रकाच्या, म्हणजे ‘टूलकिट’च्या, प्रकरणात बंगळूरच्या तरुण कार्यकर्तीला अटक झाली, मुंबईच्या वकील स्त्रीला आणि बीडच्या अभियंत्याला जामिनासाठी उच्च न्यायालय गाठावे लागले. सरकारचे म्हणणे होते की देशाबाहेरून सुसूत्र बदनामी चालली आहे. आंदोलकांचे, की पत्रक वाटणे हा गुन्हा नव्हे. नोव्हेंबरमध्ये तिन्ही कृषी कायदे मागे घेतले गेले. त्याचे श्रेय हॅशटॅगला देणारा कोणी गंभीर अभ्यासक नाही : दिल्लीच्या सिंघू, टिकरी आणि गाझीपूर या सीमांवर ट्रॉल्या लावून लोक वर्षभर बसले होते, मागे शेतकरी संघटना होत्या, गावागावांतून शिधा येत होता.

दरम्यान हे सगळे ज्यावर मोजता येई तो फळाच पुसला जातो आहे. ट्विटरचे ऑक्टोबर २०२२ मध्ये मालक बदलले, पुढच्या वर्षी संशोधकांना मोफत मिळणारी माहिती बंद झाली. मेटाने क्राउडटँगल हे अभ्यासाचे साधन ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केले, त्याच वर्षाच्या अखेरीस इन्स्टाग्रामवर हॅशटॅगचा पाठपुरावा करण्याची सोय गेली. कोणाला काय दिसावे हे आता कंपनीचे गणित ठरवते. मे २०२४ मध्ये गाझातील रफाहवरचे कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले चित्र ४ कोटींहून अधिक लोकांनी एका टिचकीत आपल्या स्टोरीवर लावले. त्यासाठी हॅशटॅग शोधायची कोणाला गरज पडली नाही.

काय उरले आहे

तीन प्रश्न अजून मोकळे आहेत. पहिला कारणाचा : हॅशटॅग गाजला आणि निर्णय झाला, यांत कोणामुळे काय झाले हे वेगळे काढणे कठीण, कारण ज्या मागण्यांमागे आधीच बळ असते त्यांचेच हॅशटॅग गाजतात. दुसरा न्यायाचा : सामूहिक कथनाला जागा द्यायची आणि आरोपीला उत्तराची संधीही द्यायची, अशी रचना कोणत्याही व्यासपीठाने अजून केलेली नाही. तिसरा, आणि मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा, अदृश्य होत चाललेल्या पुराव्याचा.

या क्षेत्रातले बहुतेक ज्ञान ट्विटरवरच्या, त्यातही इंग्रजी संदेशांवर उभे आहे, कारण ते मोजता येत होते. महाराष्ट्रातली या काळातली सर्वात मोठी जमवाजमव तिथे झालीच नाही. कोपर्डीतील बलात्कार आणि हत्येच्या घटनेनंतर ९ ऑगस्ट २०१६ ला औरंगाबादहून सुरू झालेले मराठा क्रांती मूक मोर्चे जिल्ह्याजिल्ह्यांतून निघत वर्षभराने मुंबईत पोहोचले. ‘एक मराठा लाख मराठा’ हे वाक्य गाडीच्या काचेवर, डीपीवर, टोपीवर होते. मोर्चात पुढे कोण, मागे कोण, कचरा कोणी उचलायचा, निवेदन कोणाच्या हातून द्यायचे, या सूचना मात्र व्हॉट्सअॅपच्या बंद गटांतून आणि गावोगावच्या बैठकांतून फिरल्या. त्यांचा अभ्यास करायचा तर बैठकांना बसलेल्या माणसांना भेटून, त्यांच्या वह्या आणि फोन पाहूनच करावा लागेल. ट्रेंड मोजणारी पद्धत तिथे चालणार नाही.